पायबॉल्ड म्हणजे टकला नव्हे हो, संपादक साहेब

प्रति,
मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या मंगळवारी तुमच्या मुलांच्या पुरवणीत जी इंग्रजी शब्दाची चौकट येते नं, त्यात 'पायबॉल्ड' हा शब्द होता. अर्थ छापला होता 'अर्धवट टक्कल पडलेला', आणि वाक्यात उपयोग काय, तर 'माय अंकल इज पायबॉल्ड'. आता माझी नात सातवीत आहे, ती रोज सकाळी ही चौकट कात्रीनं कापते आणि दोनशे पानी वहीत चिकटवते, दोन वर्षांपासून हा कार्यक्रम चालू आहे, पेपर आधी तिच्या हाती जातो आणि मग खिडकी पडलेला पेपर आम्ही वाचतो, मागच्या बाजूच्या निधनवार्ता त्यात जातात त्याचं काही नाही. तर तिनं ती चौकट वाचली, मान वर केली, माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि ओरडली, "आजी, आबा पायबॉल्ड आहेत!"

झालं. दुधवाला दारात, तो हसला. आमच्या सौ.ना अर्थ कळायच्या आधीच हसू आलं, मग म्हणतात, "पायाला कुठं टक्कल असते का बाप्पा?" संध्याकाळपर्यंत भाच्याचा फोन, "काय पायबॉल्ड मामा, कसं चालू आहे?" आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो. माझ्या डोक्यावर पुढून मैदान साफ आहे हे मला मान्य आहे, मी टोपी घालून लपवतही नाही, टकला म्हणा काही हरकत नाही. पण चुकीच्या शब्दानं म्हणू नका एवढंच माझं म्हणणं आहे. त्यातून हा शब्द माझ्या पोटापाण्याचा, म्हणून पत्र लिहायला बसलो. थोडं लांबेल, कापायचं तर शेवटून कापा.

मी 33 वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर असं सगळं फिरून निवृत्त झालो. म्हणजे काय करायचो तर लसीकरण, रेतन, कानात बिल्ले मारणं, आणि जनावरांच्या डॉक्टर साहेबांच्या सहीसाठी दाखले लिहिणं. दाखल्यात एक रकाना असतो, जनावराचा रंग व खुणा. बाहेरच्या माणसाला वाटतं रंगाचं काय एवढं, काळी गाय काळी, पांढरी गाय पांढरी. या एका रकान्यापायी काय होतं ते सांगतो.

काटोल तालुक्यात एका शेतकऱ्याची संकरित गाय होती, चंद्री. दिवसाला चौदा लिटर देणारी, त्याच्या घराचा तोच पगार. एका पावसाळ्यात रात्री वीज पडून गेली बिचारी. विमा होता. आमच्या साहेबांनी पोस्टमॉर्टेम केलं, मी बाजूला छत्री धरून रजिस्टर लिहून राहिलो, रंगाच्या रकान्यात लिहिलं 'काबरी', कारण ती काबरीच होती, अर्धी काळी अर्धी पांढरी. पण विमा काढताना फॉर्म भरला होता कोण्या एजंटानं, त्यानं लिहिलेलं 'ब्लॅक'. बहुतेक गोठ्यात उजव्या बाजूनं पाहिली असेल, उजवीकडून होतीही ती जवळपास सगळी काळी. कानातला बिल्ला तारेत अडकून महिनाभर आधीच तुटला होता, नवीन मारू मारू म्हणता राहून गेला, आता ती चूक माझी धरा की त्याची. क्लेम अडकला. कंपनीचा माणूस म्हणे पॉलिसीतली गाय काळी, मेलेली गाय काबरी, मग ही गाय तीच कशावरून?

तो शेतकरी दवाखान्यात येऊन माझ्यासमोर बसला. म्हणे, "साहेब, तिच्या डाव्या बरगडीवर इंडियाचा नकाशा होता, खाली श्रीलंका बी होती येवढुशी, सारं गाव ओळखते तिले. अन हे मले इचारते तीच काहून म्हून?" आणि खरंच होतं हो ते. पांढरा चट्टा, वर रुंद, खाली निमुळता, आणि टोकाशी सुटा एक थेंब. मी स्वतः कितीदा तिला इंजेक्शन देताना त्या श्रीलंकेवर बोट ठेवलं असेल. शेवटी सुटलं ते एका फोटोमुळं. पोळ्याच्या दिवशी पोरानं सजवलेल्या बैलजोडीसोबत फोटो काढला होता, मागे गोठ्यात चंद्री उभी, डावी बाजू कॅमेऱ्याकडे. नकाशा स्पष्ट. आठ महिन्यांनी पैसे मिळाले.

तेव्हा आमचे साहेब मला म्हणाले की इंग्रजीत लिहायचं तर 'पायबॉल्ड' हा शब्द आहे. साहेब आमच्या खात्यात यायच्या आधी काही दिवस लष्कराच्या घोड्यांच्या डेपोत होते, त्यामुळं रंगाच्या बाबतीत फार काटेकोर, लगेच स्वतःच म्हणाले की तसा तो शब्द घोड्याचा आहे, गाईला लावायचा म्हणजे ओढूनताणून. काळा-पांढरा घोडा असेल तर पायबॉल्ड. पांढऱ्यासोबत काळा सोडून दुसरा रंग असेल, तांबडा, बदामी काहीही, तर स्क्यूबॉल्ड. ब्रिटनमध्ये घोडेवाले लोक हा फरक कटाक्षानं पाळतात, अमेरिकेत दोघांनाही सरसकट पिंटो म्हणून मोकळे होतात. म्हणजे पायबॉल्ड म्हणजे नुसता रंगीबेरंगीही नाही, पोपट पायबॉल्ड नसतो आणि होळीत रंगलेलं पोट्टंही नसतं. दोन रंग पाहिजे, आणि त्यांचे मोठे मोठे चट्टे पाहिजे.

आता या शब्दात टक्कल आलं कुठून? तुमच्या चौकटवाल्यानं शेवटचा 'बॉल्ड' पाहिला आणि लावला अर्थ, हे दिसूनच राहिलं आहे. पण शब्दाची फोड अशी की पुढचा 'पाय' म्हणजे मॅगपाय पक्षी. आधी त्याला नुसतं पाय असंच म्हणायचे, मॅग हे मार्गारेट नावाचं लाडकं रूप मागाहून पुढं जोडलं, जसं आपण मिठू म्हणतो तसं. हा पक्षी कावळ्याच्या कुळातला, काळा कुळकुळीत आणि पोटाला, खांद्याला पांढराशुभ्र. आपल्याकडे विदर्भात तो नाही, लडाखला गेलेल्यांनी पाहिला असेल. पण त्याचा एक चुलतभाऊ आपल्याकडे आहे, लांब शेपटीचा, विटकरी रंगाचा, इंग्रजीत ट्रीपाय, आणि मराठीत त्याचं नाव आहे टकाचोर! म्हणजे संपादक साहेब, संबंध टकल्याशी नाही, टकाचोराशी आहे. अक्षरं जवळ होती, नेम थोडक्यात चुकला.

आणि 'बॉल्ड'. हा खरा मजेचा भाग आहे. जुन्या इंग्रजीत बॉल्डचा एक अर्थ होता पांढरा डाग असलेला, त्यातही कपाळावर. टक्कल हा एक अर्थ, पांढरा चट्टा हा दुसरा. अमेरिकेच्या राजमुद्रेवर जो बॉल्ड ईगल आहे तो काय टकला आहे? चांगलं भरगच्च पिसांचं डोकं आहे त्याचं, फक्त पिसं पांढरी आहेत. आमच्या विदर्भातल्या तलावांवर हिवाळ्यात काळी काळी बदकासारखी पाखरं थव्यानं पोहताना दिसतात, कपाळावर पांढराफेक टिळा, इंग्रजीत कूट. इंग्रज लोक एखाद्याला पार टकला म्हणायचं असलं की कूटसारखा बॉल्ड म्हणतात. आणि आपल्या लोकांनी त्याच पाखराचं नाव काय ठेवलं? वारकरी. तेच पाखरू, तेच कपाळ, त्यांना तिथं टक्कल दिसलं आणि आपल्याला गंध दिसलं. मी हे नातीला सांगितलं तर ती म्हणे, "मग आबा, तुम्ही वारकरी आहात." हे मला चालेल.

गुरांमध्ये तर याला सरळ शब्द आहे. कपाळावर पांढरा चांद असला की बैल चांद्या. त्या जुन्या बॉल्डला मराठी शब्द माझ्यासारख्याला विचाराल तर चांद्याच. आणि घोड्याचे चारही पाय पांढरे आणि तोंडावरही पांढरं असलं तर पंचकल्याणी, मोठा शुभ मानतात. नाव बघा किती सुंदर आहे. आणि खुद्द पायबॉल्डला मराठीत शब्द आहे अबलख. हा अरबीतून आलेला, घोड्यांबरोबर आलेला, अबलक म्हणजे काळापांढरा. तिकडे इजिप्त-सीरियात काळ्या आणि पांढऱ्या दगडांचे एकाआड एक थर देऊन भिंती बांधतात त्या बांधकामालाही हेच नाव आहे. हिंदीत एका मैनेला अबलक मैना म्हणतात, तीही काळी-पांढरी. मला सांगा, आमच्या नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ 1741 पासून दहा वर्षं बंगालपर्यंत धडका मारत होतं, ते काय घोड्याच्या रंगाला नाव नसताना? हजारो घोडे, कोणाचा कोणता हे सांगायला रंगच तर कामाचा. आणि आज त्याच भोसल्यांच्या महाल भागातल्या पोराला अबलख म्हटलं तर त्याला वाटते हे कोणत्या तरी माणसाचं नाव आहे.

संस्कृतात जायचं म्हटलं तर कर्बुर आहे, आपला कबरा-काबरा त्याच्याच घरातला दिसतो. दुसरा शब्द शबल. यमाच्या दारातल्या दोन कुत्र्यांपैकी एक श्याम आणि एक शबल. आणि वसिष्ठांची कामधेनू, जिच्यासाठी विश्वामित्र भांडले, तिला रामायणात शबला म्हटलं आहे. म्हणजे सगळ्या इच्छा पुरवणारी ती गाय पांढरीशुभ्र नव्हती, काबरी होती! कॅलेंडरवाले तिला नेहमी दुधासारखी रंगवतात. चंद्रीच्या मालकाला हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं, मला तेव्हा माहीतच नव्हतं.

बाकी नुसते ठिपके असले तर ती वेगळी गोष्ट, ते चितळ, चित्ता या 'चित्र'वाल्या घराण्यात जाते. पट्टे असले तर ब्रिंडल, आपला वाघ्या, गल्लीत एकतरी वाघ्या कुत्रा असतोच. आणि डॅपल म्हणजे राखाडी घोड्याच्या अंगावर पुसट गोल गोल, कडुलिंबाखाली दुपारी ऊन सांडतं तसं. याला मराठीत एकच एक शब्द मला सापडला नाही, वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

गुरांच्या रंगाचं ज्ञान आमच्या पुस्तकात कमी आणि बाजारात जास्त. आमच्याकडची मूळ जात गवळाऊ, वर्धा-नागपूरकडची, ती पांढरी. त्यामुळं इथल्या जुन्या माणसाला चट्ट्याच्या गाईचं फार अप्रूप नव्हतं, एखादी निघाली तर काबरी नाहीतर बांडी म्हणून नाव पडायचं आणि तेच तिचं नाव व्हायचं. पुढं होल्स्टिन फ्रिजियन या परदेशी दुधाळ जातीची रेतनं सुरू झाली, मीही हजारो केली असतील, आणि गोठेच्या गोठे काळेपांढरे झाले. मग एवढ्या काबऱ्यांत कोणती काबरी हे कसं सांगणार? मी एकदा ट्रेनिंगला उदगीरकडे गेलो होतो, तिथली देवणी जात पाहिली. त्या लोकांनी एका जातीतच तीन नावं केली आहेत. अंग पांढरं आणि तोंडाचा भाग काळा तो वानेरा. अंग पांढरं पण खालच्या बाजूला काळे ठिपके तो बालंक्या. आणि अंगभर वेडेवाकडे काळे चट्टे तो शेवरा. शाळेत न गेलेला म्हातारा लांबून बैल पाहून 'शेवरा आहे' म्हणायचा आणि मी पदविका घेऊन वहीत 'काळापांढरा' लिहून राहिलो होतो. लाज वाटली मला तेव्हा. त्यानंतर मी दाखल्यात रंगाचा रकाना पुरत नसला तर मागच्या पानावर लिहायचो, डावी बरगडी अशी, उजवा पुठ्ठा असा, एकदोनदा चित्रही काढलं, साहेब हसायचे पण सही करायचे.

एक मात्र आहे, पोळ्याला जोडी जुळवायची असली की काबऱ्याची पंचाईत होते. दोन पांढरे बैल सारखे मिळतात, दोन काबरे सारखे मिळूच शकत नाहीत. बाजारात मी पाहिलं आहे, काबऱ्याचा भाव त्यापायी थोडा पडतो, काम तेवढंच करतो बिचारा. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण संगतीसाठी वापरतो, पण त्यातला वाण म्हणजे रंगच की, आणि रंग शेजारच्याचा लागत नाही हे म्हण करणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

दोन काबरे सारखे का नसतात तेही सांगून टाकतो, साहेबांनी सांगितलेलं आणि मागाहून वाचलेलं. वासरू पोटात असताना रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यालगत तयार होतात आणि तिथून दोन्ही अंगांनी खाली सरकतात, पोटाकडे, पायाकडे, पुढे कपाळाकडे. जिथं पोचल्या तिथं रंग, जिथं पोचल्याच नाहीत तिथं केस पांढरे. म्हणून पांढरं कुठं सापडतं बघा, कपाळ, छाती, पोट, खूर, शेपटीचा गोंडा, म्हणजे सगळी लांबची गावं. चांद्या काय आणि पंचकल्याणी काय, शेवटच्या स्टॉपपर्यंत एसटी पोचली नाही त्याची ही नावं. आणि कोणती पेशी कुठं पोचेल हे नक्की नसतं, त्यामुळं एकाच गाईची दोन वासरंही वेगळ्या नकाशाची. रंगाच्या बाबतीत निसर्ग कॉपी करतच नाही. 2001 साली टेक्सासला एका तिरंगी मांजरीचं क्लोन केलं, तिथं कारण जरा वेगळं आहे, नारंगी रंगाचा मामला एक्स गुणसूत्रावर असतो म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. तर ते पिल्लू जन्मलं, मूळ मांजरीची हुबेहूब नक्कल म्हणून सगळे वाट पाहून राहिले होते, आणि पिल्लाच्या अंगावर नारंगी केसच नाही! विमा कंपनीनं तर तो क्लेम नक्की फेटाळला असता.

नातीनं मला मधेच विचारलं की हॅम्लिनचा जो पुंगीवाला, उंदीर नेणारा, त्याला पाईड पायपर म्हणतात तो पाईड हाच का. हाच. दोन रंगांचा अंगरखा घालायचा म्हणून पाईड. ते आमच्या सातवीच्या पोरीला सुचलं, याचं मला कौतुक वाटलं, लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मग मी तिला घेऊन रविवारी सकाळी अंबाझरीला गेलो, तिथं पाण्यावर एक काळापांढरा धीवर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबलेला दिसला, हेलिकॉप्टरसारखा, मान खाली, आणि मग दगड पडावा तसा पाण्यात. इंग्रजीत त्याला पाईड किंगफिशर म्हणतात. आपले पक्षीवाले अशा काळ्यापांढऱ्या पाखरांना कवड्या म्हणतात, कवड्या धीवर, कवड्या गप्पीदास. बघा आणखी एक शब्द निघाला. आपला चातकसुद्धा इंग्रजीत पाईड कक्कूच, काळी पाठ पांढरं पोट आणि डोक्यावर तुरा, पण आपल्याला त्याचा रंग दिसलाच नाही, त्याची तहानच दिसली, म्हणून नावात रंग नाही. जंगलातल्या माणसांच्या तोंडची अशी पाखरांची, झाडांची नावं गोळा करण्यात मारुती चितमपल्लींनी आयुष्य घातलं, आणि ते बरीच वर्षं आमच्या नागपुरात राहिले, याचा अभिमान आहे आम्हाला.

आता जरा वेगळं बोलतो. तुमच्या चौकटीत हा शब्द माणसाला लावला आहे, काकाला, आणि माझी खरी तक्रार तिथं आहे, टकलाची तर गंमत झाली. डॉक्टरी भाषेत पायबॉल्डिझम म्हणून एक प्रकार आहे, जन्मापासून कपाळावर केसांची एक बट पांढरी आणि अंगावर काही ठिकाणी रंग नसलेले चट्टे, आईबापाकडून येणारा, आयुष्यभर जवळपास तसाच राहणारा. कोड वेगळं, ते नंतर येतं, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंगाच्या पेशींवर उलटते म्हणून, आणि ते वाढू शकतं. दोन्हींपैकी काहीच संसर्गजन्य नाही, हात लावल्यानं, सोबत जेवल्यानं काही होत नाही. तरी आपल्याकडे अजून श्वेतकुष्ठ हा शब्द चालतो आणि त्यातल्या 'कुष्ठ'मुळं लोक त्याला महारोगात नेऊन बसवतात, एका शब्दानं किती पोरींची लग्नं मोडली असतील. माझ्या मावशीच्या हातावर कोड होतं, ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची, आम्हा पोरांना वाटायचं मावशीला थंडी वाजते. तर उद्या एखादं पोरगं तुमची चौकट वाचून वर्गातल्या चट्टे असलेल्या मुलीला इंग्रजी फाडायला जाईल आणि 'पायबॉल्ड' म्हणेल. घोड्याला म्हणा, बैलाला म्हणा, मांजराला म्हणा. माणसाला नका शिकवू.

भाषेला मात्र खुशाल म्हणा. सतराव्या शतकात एका इंग्रज कवीनं ग्रीक-लॅटिनची ठिगळं लावलेल्या इंग्रजीची टर उडवताना पायबॉल्ड भाषा असंच म्हटलं होतं. त्या हिशोबानं आमची नागपूरची मराठी पक्की अबलख. हे शहर 1956 पर्यंत हिंदी मुलखासोबत एका प्रांतात होतं, राजधानी होतं, मग आम्ही 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' नाही म्हणणार तर काय म्हणणार? पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. हसू द्या. आमच्याकडे मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्याही एक काळी आणि एक पिवळी, पण बोली आमची दोन्ही रंगांची मिळून एकच आहे आणि सध्या तिच्यात तिसरा इंग्रजीचा चट्टा पडून राहिला, या पत्रातच बघा किती सापडतील.

तर विनंती अशी. दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानावर बारीक अक्षरात 'अनवधानाने' वगैरे नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी. मजकूर मी देतो, कमीजास्त करा: पायबॉल्ड, विशेषण, अबलख, काबरा, अंगावर काळे व पांढरे मोठे चट्टे असलेला, मुख्यतः घोड्याबद्दल. वाक्यात उपयोग पाहिजेच असेल तर पाटलांच्या अबलख घोड्याचा करा, काकाला सोडा. जमल्यास पुढच्या मंगळवारी स्क्यूबॉल्ड घ्या, पण छापायच्या आधी एक फोन करा मला, मी घरीच असतो.

आणि एक सांगायचं राहिलं. नातीनं ती चुकीची चौकट वहीतून फाडली नाही. मी म्हटलं फाड, ती म्हणे फाडलं तर मागच्या पानावरचा शब्द जाईल. तिनं त्यावर पेन्सिलीनं फुली मारली आहे आणि बाजूला स्केलपट्टीनं रिकामी चौकट आखून ठेवली आहे, सहा सेंटिमीटर रुंद आणि आठ उंच. दुरुस्ती त्या मापात बसेल अशी छापली तर बरं होईल.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
नागपूर